शिजवून हिस्टामाइन जात नाही

‘बांगडा किंवा ट्यूना थोडा वेळ उन्हात राहिला तरी नीट शिजवला की चिंता नाही’, हे तुमच्या गळाने मासे धरण्यावरच्या लेखातलं वाक्य कृपया काढून टाका. या माशांच्या मांसात हिस्टिडीन (प्रथिनांचा एक घटक) भरपूर असतं. मासा उन्हात तापला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात, आणि ते एकदा तयार झालं की तळा, उकडा, फ्रीझरमध्ये टाका, जात नाही. वासावरूनही नेहमी कळत नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर चट्टे, असं बहुतेक वेळा काही मिनिटांत ते तासाभरात सुरू होतं आणि बरेच जण ‘मला माशांची ॲलर्जी आहे’ म्हणून मोकळे होतात. जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर घास सरळ थुंकावा.

मी गळाला लागलेल्या बांगड्याचे कल्ले लगेच कापून रक्त जाऊ देतो आणि तो बर्फ घातलेल्या समुद्राच्याच पाण्यात बुडवतो. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवण्यापेक्षा मासा कितीतरी लवकर गार पडतो. मुशीला (छोट्या शार्कला) तर ही घाई हवीच, तिच्या मांसातल्या युरियाचा अमोनिया झाला की कितीही मसाला ओता, वास राहतोच. बाकी गळ-आमिषाचा भाग झकास जमलाय.