म्यूटेक्स कुठपर्यंत पुरतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एकाच वेळी आलेल्या रिक्वेस्टमध्ये जागांचं आरक्षण बिनचूक कसं ठेवायचं, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर आधी माझाच कोड उघडला, कारण तुमचा शेवटचा मुद्दा खरा असेल तर तो सगळ्यात आधी दुरुस्त करायला हवा होता. तो खरा आहे. माझ्या गो भाषेतल्या उदाहरणात गोरुटीन (बाजूला समांतर चालणारं हलकं काम) लीक होतो. बाहेरच्या सेवेकडे विचारणा करणारा गोरुटीन मी सुरू केला, त्याला उत्तर टाकायला बफर नसलेलं चॅनल (घेणारा समोर असेल तरच निरोप पुढे जाऊ देणारी नळी) दिलं आणि इकडे गोच्या सिलेक्टमध्ये (जे आधी घडेल ते घेणाऱ्या रचनेत) 2 सेकंदांचा टाइमआउट लावला. टाइमआउट आधी झाला की त्या चॅनलवर ऐकणारं कुणी उरत नाही आणि गोरुटीन उत्तर हातात घेऊन कायमचा अडकून बसतो. चॅनलला एका जागेचा बफर दिला की तो उत्तर ठेवून मोकळा होतो. कॉन्टेक्स्टही (रद्द करण्याचा इशारा वाहून नेणारा) पुढे पाठवायला हवा होता, म्हणजे बाहेर गेलेली रिक्वेस्टसुद्धा तिथेच रद्द होते. दोन्ही दुरुस्त्या लेखात केल्या आहेत. मनापासून आभार.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र माझं मत बदललेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी नव्या लोकांना उगाच घाबरवतो, जागा आरक्षित करणाऱ्या फंक्शनभोवती म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावला की काम भागतं, तुमच्याकडे रेस डिटेक्टर (दोन गोरुटीन एकाच मेमरीवर भिडले तर दाखवणारं साधन) एकही तक्रार करत नाही, नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवताना) तर थ्रेडच एक, म्हणून तेवढंही लागत नाही, आणि आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तर ओळखता यावी म्हणून क्लायंटने दिलेली खूण) हे मोठ्या कंपन्यांचं प्रकरण आहे.

म्यूटेक्स एका प्रोसेसच्या (चालू असलेल्या एका प्रोग्रॅमच्या) मेमरीत राहतो. तुमच्या शिल्लक जागा डेटाबेसमध्ये राहतात. कुलूप एका घराला आणि ऐवज दुसऱ्या घरात, अशी ही स्थिती आहे. सर्व्हरची दुसरी प्रत उभी राहिली की तिचा म्यूटेक्स वेगळा. तुम्ही म्हणाल, आमची एकच प्रत चालते. माझीही एकच चालायची. पण रोलिंग डिप्लॉयमध्ये (सेवा बंद न करता नवी आवृत्ती चढवताना) नवी प्रत तयार होईपर्यंत जुनी बंद होत नाही, आणि तेवढ्या वेळात दोन्हींकडे रिक्वेस्ट येत असतात. एकाच जागेची दोन आरक्षणं मला सापडली ती अशाच एका डिप्लॉयच्या वेळची. लॉगमध्ये एकही एरर नव्हता. दोन्ही प्रतींनी आपापल्या परीने सगळं नियमानुसार केलं होतं, आणि म्हणूनच कारण शोधायला इतके दिवस लागले.

रेस डिटेक्टर फार उपयोगी आहे, गोच्या 1.1 आवृत्तीपासून तो सोबत येतो आणि मी तो प्रत्येक बिल्डमध्ये चालवतो. पण तो बघतो ते एकाच प्रोसेसच्या मेमरीतले, कुलपाशिवाय झालेले वाचन आणि लेखन, तेही त्या वेळी प्रत्यक्ष चाललेल्या कोडमधले. दोन रिक्वेस्टनी डेटाबेसमधून ‘1 जागा शिल्लक’ असं वाचलं आणि दोघींनी ‘0’ लिहिलं, तर त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही.

नोडबद्दलही हेच. थ्रेड एक आहे हे खरं, पण प्रत्येक अवेटपाशी (उत्तराची वाट बघण्याच्या जागी) तुमचं फंक्शन थांबतं आणि दुसरी रिक्वेस्ट पुढे सरकते. आधी शिल्लक वाचली, अवेट, मग तपासलं, मग नवा आकडा लिहिला, पुन्हा अवेट. वाचणं आणि लिहिणं यांच्यामधल्या फटीत दुसरी रिक्वेस्ट सहज शिरते. एका थ्रेडमुळे दोन अवेटच्या मधला कोड सलग चालतो, एवढीच हमी मिळते.

तुम्ही पुढे लिहिलं आहे की फारच वाटलं तर सगळं ट्रॅन्झॅक्शनमध्ये (एकतर सगळं होईल किंवा काहीच नाही, अशा डेटाबेसच्या गटात) गुंडाळावं. हा समज इतका पसरलेला आहे की इथे जरा थांबतो. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ आयसोलेशन पातळी (एकाच वेळी चाललेली ट्रॅन्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग ठेवायची ते) रीड कमिटेड आहे, म्हणजे कमिट झालेलं (कायम केलेलं) तेवढंच दिसतं. त्या पातळीवर दोन ट्रॅन्झॅक्शन एकच रो (टेबलातली ओळ) डेटाबेसच्या साध्या सिलेक्टने, म्हणजे वाचण्याच्या आज्ञेने, वाचू शकतात, कोडमध्ये वजाबाकी करू शकतात आणि एकमेकांवर लिहू शकतात. दोन्ही कमिट यशस्वी. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात मूळ पातळी रिपीटेबल रीड (याहून कडक) असूनही हेच होतं. पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड मागितलं तर दुसऱ्या ट्रॅन्झॅक्शनला 40001 हा (दुसऱ्याने आधीच बदल केला, असं सांगणारा) एरर मिळतो. मग ते पहिल्यापासून पुन्हा चालवायची जबाबदारी तुमच्या कोडची.

माझी पसंती याहून साध्या गोष्टीला आहे. वजाबाकी डेटाबेसलाच करू द्या: ‘जागा एकने कमी कर, पण शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच’, असा एकच अपडेट. किती रो बदलल्या ते बघा. 1 आली तर आरक्षण झालं, 0 आली तर 409 (एचटीटीपीचा ‘कॉन्फ्लिक्ट’ कोड) परत करा. दुसरी रिक्वेस्ट पहिलीच्या रो-लॉकसाठी (त्या ओळीवरच्या कुलपासाठी) थांबते आणि लॉक सुटल्यावर डेटाबेस अट नव्याने तपासतो. यात म्यूटेक्स नाही, वेगळं सिलेक्ट नाही. वेगाची काळजी तुम्ही केली होती. डेटाबेसला एक फेरी कमीच होते. अट एका अपडेटमध्ये मावत नसेल, तेव्हा सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच ओळ कुलूपबंद करणारी आज्ञा) वापरा.

आयडेम्पोटन्सी कीचा कंपनीच्या आकाराशी संबंध नाही, नेटवर्कशी आहे. क्लायंटने (ॲपने किंवा ब्राउझरने) पोस्ट रिक्वेस्ट पाठवली, सर्व्हरने आरक्षण केलं आणि उत्तर परत येताना कनेक्शन तुटलं. क्लायंटला काय झालं ते कळत नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. एचटीटीपीच्या व्याख्येत पुट आणि डिलीट आयडेम्पोटंट आहेत (पुन्हा पाठवल्या तरी परिणाम तोच राहतो), पोस्ट नाही, त्यामुळे ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. क्लायंटने दिलेली की युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारा) असलेल्या टेबलात टाका, पण आरक्षणाच्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये. बहुतेक जण नेमके इथे चुकतात: की आधी वेगळी कमिट करतात, मग काम फसतं, आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न ‘हे झालेलं आहे’ असं खोटं उत्तर घेऊन परततो. एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये असेल तर दुसरा प्रयत्न पहिल्याच्या निकालासाठी इंडेक्सपाशी थांबतो. पहिला रोलबॅक झाला (मागे घेतला गेला) तर दुसरा पुढे जातो. कमिट झाला तर युनिकचा एरर येतो आणि तुम्ही साठवलेलं जुनं उत्तर परत देता.

‘गोरुटीन स्वस्त आहेत, हवे तेवढे उघडा’ हे तुमचं वाक्य अर्धं बरोबर आहे. गोरुटीनचा स्टॅक 2 केबीपासून सुरू होतो. पण तो ज्याची वाट बघतो ते स्वस्त नाही. सेकंदाला 200 रिक्वेस्ट आणि प्रत्येकीचं डेटाबेसचं काम 50 मिलिसेकंदांत उरकत असेल, तर एका वेळी सरासरी 10 कनेक्शन लागतात. तेच काम 2 सेकंदांवर गेलं की 400. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 आहे, आणि गोच्या डेटाबेस पॅकेजमध्ये उघड्या कनेक्शनना आपण मर्यादा घातल्याशिवाय ती नसतेच. म्हणून ती घाला, रांगेत थांबण्यालाही टाइमआउट द्या.

एक विनंती आहे. तुमच्या सगळ्या टेस्ट पास होतात असं तुम्ही लिहिलंत. त्या एकामागून एक चालतात का ते बघा. मग एक नवी टेस्ट लिहा: सर्व्हरच्या दोन प्रोसेस, एकच डेटाबेस, शेवटची 1 जागा आणि एकदम सोडलेल्या 50 रिक्वेस्ट. आधी म्यूटेक्सवाला कोड, मग अटीसह अपडेटवाला. प्रत्येकी 20 वेळा चालवा आणि दोन्हीकडे किती आरक्षणं झाली ते आकडे इथे लिहा. मी तेच माझ्या दुरुस्त केलेल्या कोडवर चालवून माझे आकडे खाली टाकतो.