मैत्रिणींनो, सल्ला नको, थट्टा चालेल

मित्रमंडळींनी एकत्र बसून आपापल्या संसाराची आणि मुलांची थट्टा करणे हा निव्वळ वेळकाढूपणा आहे, असे मानणारी बरीच माणसे माझ्या परिचयात आहेत. चाळिशी ओलांडलेल्या शहाण्यासुरत्या लोकांनी नवऱ्याच्या ओल्या टॉवेलवर, मुलाच्या दप्तराच्या तळाशी काळ्या पडलेल्या केळ्यावर आणि सोसायटीच्या पार्किंगवर तासभर हसत बसण्यापेक्षा काहीतरी विधायक बोलावे, असे त्यांचे म्हणणे असते. मला ते मुळीच पटत नाही. उलट, घरसंसार आणि पालकत्व या दोन विषयांवर मला आजवर जे काही उपयोगी पडले, त्यातले बरेचसे अशा थट्टेतून मिळाले आहे आणि सल्ल्यांतून फारच थोडे, असे माझे मत आहे.

आमचा गट डोंबिवलीतल्या कॉलेजच्या दिवसांपासूनचा आहे. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नवे कपडे घालून मिरवणाऱ्या गर्दीत आम्हीही होतो. आता त्यातली एक बदलापूरला राहते, दोघे पुण्याला गेले, एक न्यू जर्सीतल्या एडिसनला स्थायिक झाली आणि उरलेले अजून डोंबिवलीतच लोकलची गर्दी अंगावर घेत आहेत. प्रत्यक्ष भेटणे क्वचित होते, त्यामुळे थट्टेचा मुख्य अड्डा म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप. तिथे रात्री साडेनऊला एका मैत्रिणीचा संदेश येतो की, मुलाने आत्ता, अंथरुणात शिरल्यावर, सांगितले आहे की उद्या शाळेत ‘पाणी वाचवा’ या विषयावरचा तक्ता न्यायचा आहे. चार्ट पेपर कुठे मिळेल? मिनिटभरात उत्तरे सुरू होतात. ‘तुझ्या लग्नाच्या रुखवतातला जाड पुठ्ठा अजून माळ्यावर असेल बघ.’ ‘तक्ता कशाला? आज त्याला आंघोळ घालू नकोस आणि तसाच पाठव, प्रात्यक्षिकाचे जास्त गुण मिळतील.’ ‘नवऱ्याला विचार ना, परवाच म्हणत होता की मुलाच्या अभ्यासात तो जातीने लक्ष घालतो.’ एडिसनची मैत्रीण लिहिते, ‘माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा.’ मग मागच्या गल्लीत राहणारा मित्र काहीही टीकाटिप्पणी न करता एका चार्ट पेपरचा फोटो टाकतो आणि विचारतो, ‘मागच्या बाजूला मराठवाड्यातल्या नद्या आहेत, चालेल का?’

हाच प्रश्न तिने पालकत्वावरच्या एखाद्या मोठ्या गटात विचारला असता, तर काय मिळाले असते याची मला चांगली कल्पना आहे. मुलाला त्याच्या विसराळूपणाचे परिणाम भोगू द्या. घरात आठवड्याचे वेळापत्रक लावा. रोज संध्याकाळी सहा वाजता दप्तर तपासण्याची सवय लावा. या सूचनांपैकी एकही चुकीची नाही. पण रात्री साडेनऊला, उद्याच्या डब्याची मटकी निवडत बसलेल्या बाईला त्यांचा काडीचाही उपयोग नसतो, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे प्रत्येक सूचनेच्या पोटात ‘तुला हे अजून कसे सुचले नाही?’ असा प्रश्न दडलेला असतो. सल्ला देणारा नकळत एक पायरी वर जाऊन उभा राहतो. थट्टा करणारा मात्र आपल्याच पायरीवर बसलेला असतो, कारण पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी कोणता गोंधळ होणार आहे हे त्यालाही ठाऊक असते.

मोबाइलचेच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसून राहू नये, आणि तो वेळ जितका कमी तितके चांगले. लहान मूल असलेल्या प्रत्येक सुशिक्षित घरात ही गोष्ट पोहोचलेली आहे. जिचे मूल कार्टून लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, त्या आईला तर ती तोंडपाठ असते. तिला ती पुन्हा ऐकवून कोणाचे भले होणार? आमच्यातल्या एका आईने ही कबुली दिली तेव्हा पुण्याचा मित्र एवढेच म्हणाला, ‘आमच्याकडे बाबांना बातम्या लावून दिल्याशिवाय भाकरी गिळत नाही, आणि ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.’ यात तिला मोबाइल देण्याची परवानगी मिळाली नाही. पण ‘मी वाईट आई आहे’ इथे अडकलेले तिचे डोके मोकळे झाले आणि त्यानंतरच, निदान रात्रीचे जेवण तरी फोनशिवाय भरवून बघू, हा विचार तिला स्वतःहून सुचला.

ही काही आमच्या पिढीने शोधून काढलेली युक्ती नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 साली थट्टेच्या नात्यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. एकाने दुसऱ्याची खोडी काढावी आणि दुसऱ्याने ती मनाला लावून घेऊ नये, अशी मुभा काही नात्यांना समाजच देतो आणि त्यातून ताण सुसह्य होतात, असे त्याचे थोडक्यात सूत्र होते. आपल्याकडे हे समजायला निबंध वाचावा लागत नाही. थोरल्या दिरासमोर पदर सावरून उभे राहायचे आणि धाकट्या दिराच्या मात्र ताटात मुद्दाम जास्त मिरची वाढायची, ही रीत आपल्या आज्यांना पाठ होती. मेहुण्याचे बूट लपवणाऱ्या मेहुण्या आजही लग्नात दिसतात. नवरात्रात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून म्हणायच्या भोंडल्याच्या गाण्यांत तर एक अख्खे गाणे वेड्या नवऱ्यावर आहे, ज्यात बायकोने केलेले लाडू तो चेंडू समजून खेळायला घेतो. परकऱ्या पोरींनी नवरा म्हणजे काय हे कळण्याच्या आधीच ते गाणे खिरापतीच्या आशेने म्हणायचे आणि माहेरपणाला आलेल्या लेकींनी ते अर्थ कळून म्हणायचे. दुसऱ्या एका गाण्यात सासू सुनेला माहेरी पाठवण्याआधी कारल्याचे बी पेरायला लावते आणि वेल वाढून कारली लागेपर्यंत एकेक सबब पुढे करत राहते. सासूबद्दल तोंडातून अवाक्षर काढायची सोय नव्हती, त्या काळात तिच्याच अंगणात, तिच्याच देखत हे गाता येत होते.

आता घरात दीर नाहीत, नणंदा वेगळ्या शहरांत आहेत आणि सासू बिचारी स्वतःच ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीला गेलेली असते. ती थट्टेची मुभा मग कॉलेजच्या मित्रांकडे आणि लोकलच्या डब्याकडे आली. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली ही महिला विशेष लोकल 1992 साली सुरू झाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून बायकांच्या डब्यात मटार सोलता सोलता हळदीकुंकू होत होते, डोहाळजेवणे होत होती आणि शेजारच्या सीटवरच्या काकू नव्या नवरीला, ‘अगं, पहिल्या वर्षी चहा चांगला करू नकोस, नाहीतर आयुष्यभर तूच करशील,’ असे सांगत होत्या.

या थट्टेला एक न लिहिलेला नियम आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: जो गाऱ्हाणे सांगतो, तो त्या गाऱ्हाण्याच्या चित्रात स्वतः असला पाहिजे. नवरा घोरतो हे सांगणारीने आपण त्याला कोपराने ढोसतो हेही सांगायला हवे. स्वतःला वगळून जोडीदारावर हसवले की ती थट्टा राहत नाही, चहाडी होते. म्हणूनच पुरुषांच्या ग्रुपवरून सकाळ-संध्याकाळ फिरणारे ‘बायको’ नावाचे तयार विनोद मला अगदी निर्जीव वाटतात. त्यांतली बायको कोणाचीच नसते. ती सतत खरेदी करते, सतत बोलते आणि नवरा गरीब गाय असतो. सांगणाऱ्याच्या घरातला एकही खरा कण त्यात नसतो. आमच्यातला बँकेत काम करणारा मित्र असा एक विनोद टाकून वर ‘मी मात्र घरात खूप मदत करतो’ असे लिहून मोकळा झाला, तेव्हा त्याच्याच बायकोने, तीही ग्रुपवर आहे, उत्तर दिले: ‘खरं आहे. परवा मी आंघोळीला गेले तेव्हा त्याने कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. बंद नाही केला, पण मोजल्या अगदी बरोबर. अकरा.’ सगळे हसले, तोही हसला. या विनोदामागे देशभराचे वास्तव उभे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला सरासरी 299 मिनिटांचा वेळ त्यात जात असल्याचे आढळले आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटांचा. शिवाय असे काही काम करणारे पुरुष होते जेमतेम चारातला एक. हे आकडे मी त्या मित्राला ऐकवले असते, तर त्याने सर्वेक्षणाच्या पद्धतीवर वाद घातला असता. अकरा शिट्ट्यांवर वाद घालता आला नाही. तेव्हापासून कुकर तोच लावतो, असे त्याची बायको सांगते. अर्थात डाळ अजून कच्ची राहते, अशी पुरवणीही जोडते.

थट्टा आणि हिणवणे यांत फरक आहे आणि तो कळला नाही तर हा सगळा मामला विषारी होऊ शकतो, हे मला मान्य आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे जोडप्यांच्या भांडणांचे निरीक्षण करून असा निष्कर्ष काढला की जोडीदाराविषयीची तुच्छता हे संसार मोडण्याचे सगळ्यात मोठे लक्षण आहे. भांडणे नव्हेत, तुच्छता. मित्रांच्या गप्पांत हा फरक कानाला लगेच कळतो. ‘ह्याला फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं दही दिसत नाही’ यात वैताग आहे आणि मायाही आहे. ‘ह्याला काही कळतच नाही’ हे तिसऱ्यांदा आले की त्यातली माया संपलेली असते. तसेच काही गाऱ्हाणी विनोदाचा पोशाख घालून येतात, पण विनोदाची नसतात. पगार झाला की एटीएम कार्ड काढून घेतो, फोन तपासतो, अशा गोष्टी एखादीने हसत सांगितल्या, तर त्यावर हसण्याची इमोजी टाकणे हा निर्लज्जपणा आहे. तिथे ग्रुप बंद करून तिला फोन करावा आणि ती आपल्याकडे येऊन राहू शकते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

मुलांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. त्यांच्या आळसावर, पसाऱ्यावर, वादावादीवर खुशाल हसावे. त्यांच्या रंगावर, वजनावर, गुणांवर हसू नये आणि ते रडत असतानाचा व्हिडिओ कोणालाही पाठवू नये. मोठ्या माणसाला उलट उत्तर देता येते. ग्रुपवर नसलेल्या सात वर्षांच्या पोराला ते देता येत नाही, आणि ज्याला उलट बोलता येत नाही त्याची थट्टा म्हणजे दादागिरी. आमच्यातल्या काहींना हे अती वाटते. ‘मग आम्ही बोलायचं तरी काय?’ असे बदलापूरची मैत्रीण वैतागून म्हणाली. गीझर चालू ठेवून ऑफिसला जाणारे, दुधाच्या पातेल्यात चमचाभर दूध शिल्लक ठेवून ते फ्रिजमध्ये परत ठेवणारे, सोसायटीच्या सभेला कधीही न येता नंतर इतिवृत्तावर आक्षेप घेणारे, हे विषय अजून शिल्लक आहेत, असे मी तिला सांगितले.

आता तर मुलेही मोठी झाली आहेत. आमची भेट ठरली की ती वेगळ्या खोलीत बसतात आणि आतून हसण्याचे मोठमोठे आवाज येतात. अकरावीतल्या एका भाचीवजा मुलीने परवा सहज सांगून टाकले की त्यांचाही एक ग्रुप आहे आणि त्यात फक्त आई-बाबांवर चर्चा चालते. काय चर्चा, असे तिच्या आईने विचारले, तर ती म्हणाली, ‘मावशीचे फुल स्टॉप आणि तुझे व्हॉइस मेसेज.’ मावशी म्हणजे मी. मी संदेशाच्या शेवटी पूर्णविराम देते, हा या पिढीच्या दृष्टीने उद्धटपणा असतो म्हणे. मी पूर्णविराम सोडणार नाही, असे मी तिला तिथेच सांगितले आहे.