शी अडते ती भीतीमुळे: पॉटी ट्रेनिंगच्या त्या मेसेजला उत्तर

सध्या इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सुदामा नगर, राजेंद्र नगर, तिलक नगर, जिथे म्हणून घरात लहान नातवंड आहे तिथे तो पोचलाय. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: मूल दीड वर्षाचं झालं की डायपर बंद करा, पॉटवर बसवा आणि शी होईपर्यंत उठू देऊ नका. शी रोज झालीच पाहिजे. खडा होत असेल तर केळं बंद, रात्री गरम दुधात तूप, सकाळी चमचाभर एरंडेल. तरी अडलं तर विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी लावा, नाहीतर साबणाची कांडी. डॉक्टरची पावडर मात्र देऊ नका, आतडी आळशी होतात. आणि चड्डीला लागत असेल तर तो हट्ट आहे, कडक व्हा.

मी पाळणाघर चालवते, त्यामुळे हे सल्ले ज्यांच्यावर आजमावले जातात ती मुलं रोज माझ्यासमोर असतात. मेसेज पुढे पाठवणाऱ्या आज्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ मुलाचं दुखणं वाढवणारी आहे, आणि दुखणं वाढलं की अडणंही वाढतं.

आधी वयाचं बघू. पूर्वी आज्या सहा महिन्यांच्या बाळाला पायावर धरायच्या, मग दीड वर्षाच्याला काय होतंय, असा मेसेजचा युक्तिवाद आहे. पायावर धरणं मीही पाहिलंय आणि त्यात काही वाईट नव्हतं. दूध पिऊन झालं की बाळाला दोन पावलांवर उकिडवं टेकवायचं, झाली तर झाली, नाही तर उचलून घ्यायचं. त्यात जबरदस्ती नव्हती. शिवाय इतकं लहान बाळ ठरवून शी रोखत नाही. रोखायला मूल शिकतं ते दीड-दोन वर्षांच्या सुमाराला, आणि नेमके तेव्हाच आपण हात धुऊन त्याच्या मागे लागतो. भारतातल्या बालरोग आणि पोटविकार तज्ज्ञांनी २०१८ मध्ये मुलांच्या बद्धकोष्ठावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत पॉटीचं शिक्षण दोन वर्षांनंतरच द्यावं असं म्हटलंय. त्यातही वाढदिवसाच्या तारखेपेक्षा मूल तयार आहे का हे बघायचं: दोन-दोन तास चड्डी कोरडी राहते का, स्वतः खाली ओढता येते का, शी लागली हे आधी सांगतं का. नर्सरीच्या प्रवेशाआधी डायपर सुटायला हवा म्हणून आईवडिलांची जी धांदल उडते ती मला कळते. पण त्या धांदलीत मुलाला शी अडवायची सवय लागली तर ती सोडवायला महिनोन्‌महिने जातात.

'शी होईपर्यंत उठू देऊ नका' या ओळीवर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण सगळ्याचं मूळ इथे आहे. एखाद्या दिवशी खडा होतो. ताप येऊन गेलेला असतो, प्रवास झालेला असतो, किंवा मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडलेलं असतं. जोर करताना शीच्या जागी बारीक चीर पडते, आग होते. दोन वर्षांचं मूल त्यातून एकच गोष्ट शिकतं: शी केली की दुखतं. पुढची कळ आली की ते घट्ट आवळून धरतं. आमच्याकडचा एक मुलगा अशा वेळी खेळ टाकून पडद्यामागे जायचा. टाचा उचललेल्या, मांड्या एकमेकींवर दाबलेल्या, चेहरा लालबुंद, एका हाताने पडद्याची घडी मुठीत धरलेली. त्याची आई म्हणायची, 'बिचारा किती कुंथतो हो, तरी होत नाही.' तो कुंथत नव्हता. सगळी ताकद लावून तो शी आत धरून ठेवत होता. कळ ओसरली की परत गाडी फिरवायला यायचा. जोर करणारं मूल उकिडवं बसू बघतं, अडवणारं ताठ उभं राहतं. हा फरक एकदा डोळ्यांना कळला की पुढचं बरंच सोपं होतं.

अडवलेली शी आत राहते आणि मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. जितकी जास्त राहील तितकी ती कडक आणि जाड होते, आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. बरेच दिवस असं चाललं की गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, ताणला जातो आणि कळ येणंच मंद होतं. मग 'तुला शी आली नाही का रे?' या प्रश्नाला मूल 'नाही' म्हणतं ते खरं सांगत असतं. अशा मुलाला तासभर पॉटवर डांबून ठेवलं तर भीतीत आणखी एक भर पडते, पॉटची.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी शी मऊ करायची, ती बिनदुखीची व्हायला लागली की मगच पॉटचा विषय काढायचा. तोवर मूल डायपर मागत असेल तर खुशाल द्यावा. यात हार नाही. डायपरमध्ये का होईना, शी बाहेर पडते आहे हे आज जास्त महत्त्वाचं. पुढे तोच डायपर घालून बाथरूममध्ये उभं राहायचं, मग डायपरसकट पॉटवर बसायचं, असं एकेक पाऊल टाकता येतं. बसवायचं ते जेवणानंतर, कारण पोटात अन्न पडलं की आतड्याची हालचाल आपोआप वाढते. पाच मिनिटं पुरे, झाली नाही तरी उठवायचं. शाबासकी बसल्याबद्दल द्यायची, शी झाल्याबद्दल नाही. फ्लॅटमधल्या कमोडवर मुलाचे पाय लोंबकळतात आणि अधांतरी पायांनी जोर करता येत नाही. पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल द्या, गुडघे कमरेच्या जरा वर आले पाहिजेत. घरात भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर त्या भोकात आपण पडू अशी भीती कित्येक मुलांना खरोखर वाटते. त्यांना चिडवू नका, जमिनीवरचा छोटा पॉट आणा.

'रोज झालीच पाहिजे' हेही बरोबर नाही. दिवसाआड मऊ शी करून हसत उठणाऱ्या मुलाला बद्धकोष्ठ नाही. रोज जाऊन शेळीच्या लेंड्यांसारखे खडे टाकणाऱ्याला आहे.

खाण्याकडे वळू. पिकलेलं केळं बंद करायचं काहीच कारण नाही. गरम दूध-तुपाचं म्हणाल तर तुपाने आतडं वंगण लावल्यासारखं निसरडं होत नाही, ते इतर अन्नासारखं पचतं. वरणभातावर तूप जरूर घाला, पण त्याला औषध समजू नका. दुधाचं प्रमाण मात्र बघायलाच हवं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुष्कळ झालं. आपल्याकडे सकाळी बाटली, दुपारी बाटली, रात्री झोपताना पुन्हा बाटली, मध्ये दुधात बुडवलेले टोस्ट आणि संध्याकाळी वाटीभर सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे. पोट भरतं, पण तंतू (फायबर) पोटात जात नाहीत. मग जेवणाच्या वेळी मूल पोळी-भाजीकडे बघत नाही आणि आपण म्हणतो खातच नाही. रात्रीची बाटली कमी केली की सकाळी भूक लागते. पेरू (बिया नको असतील तर काढून), पपई, नाशपाती, भिजवून कुस्करलेल्या मनुका, सालीच्या मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी दुधात न कुस्करता भाजीत कुस्करून, हे सगळं इंदुरात मिळतं आणि मुलं खातात. पाणी तहानेपुरतं आणि उन्हाळ्यात आठवणीने द्या. तांबेच्या तांबे पाणी पाजून खडा विरघळत नाही.

एरंडेल आतड्याला चेतवून जोरात आवळायला लावतं, म्हणून पोटात कळा येतात. ज्या मुलाचा सगळा प्रश्न दुखण्याच्या भीतीचा आहे त्याला आपण आणखी दुखवतो. देठ आणि साबणाबद्दल तर मी हात जोडून सांगते, नका करू. साबणाने आतली नाजूक त्वचा चुरचुरते, आणि दोन मोठ्या माणसांनी हातपाय धरून ठेवलेलं मूल पुढे कुणाला चड्डी काढू देताना थरथरतं. हे मी पाहिलंय.

आता पावडर. डॉक्टर मुलांना साधारणपणे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचं सिरप देतात. ही औषधं आतड्याला चाबूक मारत नाहीत, शीमध्ये पाणी धरून ठेवतात, त्यामुळे ती मऊ राहते. त्यांनी आतडं आळशी होत नाही. आळशी होतं ते महिनोन्‌महिने ताणलं गेल्याने. २०१८ च्या त्याच सूचनांत स्पष्ट म्हटलंय की औषध कित्येक महिने चालू ठेवावं लागतं, हळूहळू कमी करायचं असतं, आणि त्रास उलटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे ते लवकर थांबवणं. आपल्या घरांत नेमकं हेच होतं. आठवडाभर छान झाली की पावडर कपाटात जाते, पुन्हा खडा होतो, आणि ठपका येतो 'सवय लागली' असा. मात्रा वजनावर ठरते, म्हणून शेजारच्या मुलाची पावडर आपल्याला चालत नाही.

चड्डीला लागणं हा हट्ट नाही. आत मोठा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपते. ती झिरपलेली मुलाला कळतही नाही. घरचे जुलाब समजून पावडर बंद करतात आणि खडा आणखी घट्ट बसतो. अशा वेळी रागावू नका, डॉक्टरांना पोट तपासायला सांगा. आधी तो खडा औषधाने मोकळा करावा लागतो. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो, त्यामुळे अशी मुलं कधी कधी लघवीही चड्डीत करतात. तिथेही ओरडा खायची पाळी त्यांच्यावर येऊ नये.

मेसेजमध्ये एक शब्दही नाही तो धोक्याच्या खुणांबद्दल. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांनंतर झाली होती, महिन्याभराचं व्हायच्या आधीपासूनच त्रास आहे, वजन वाढत नाही, पाय अशक्त वाटतात, कमरेच्या खाली मध्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका आहे, शीमध्ये रक्त वारंवार दिसतंय, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ही माहिती न विचारता सांगा. पोट टम्म फुगलंय आणि उलटी हिरवी होतेय, असं दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.