चांगल्या घरच्या पोट्ट्यांसाठी सूचना

गोंदिया, भंडारा, यवतमाळहून नागपूरला शिकायला आलात, होस्टेलात खाट मिळाली, मेसही लागली. आता एकच सांभाळा. आईबापाने कोरी पाटी देऊन पाठवलं आहे, ती कोरीच परत न्यायची. अभ्यासाची नव्हे हो, ती भरली तर चालेल. 'त्या' विषयाची.

शाळेने आपल्या परीने मदत केलीच आहे. प्रजननाचा धडा आला की बाई म्हणायच्या, "हा घरी वाचून घ्या." घरी पुस्तक उघडलं की आई म्हणायची, "हे शाळेत विचार." २००७ साली तर राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षणच थांबवलं आणि संस्कृती वाचली. उरलेलं मोबाइलने शिकवलं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्यांची नोकरी गेली, खटलेही झाले. आता तेवढा त्रास कोणाला होत नाही, कारण विषयच कोणी काढत नाही.

निरोध घ्यायचाच असेल तर घराजवळच्या मेडिकलमध्ये जाऊ नका. धरमपेठेत राहत असाल तर इतवारी गाठा. आधी ओआरएस मागा, मग खोकल्याच्या गोळ्या, मग दुकानातल्या काकू निघून जाईपर्यंत टूथपेस्टचे भाव वाचा. दुकानदार माल पेपरात गुंडाळून काळ्या पन्नीत देईल. काळ्या पन्नीत एक हे आणि दुसरे सॅनिटरी पॅड, एवढंच देतात, त्यामुळे रस्त्यावर कोणाला काही कळत नाही.

ते पाकीट गाडीच्या डिक्कीत ठेवा. मे महिना, पारा ४५ वर, गाडी दिवसभर कॉलेजच्या पार्किंगात उन्हात. लेटेक्स उष्णतेने खराब होतं आणि पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं, पण इतकं बारीक अक्षर वाचायला आपण काही पीएचडीला नाही. एक्स्पायरीची तारीखही तिथेच कुठेतरी असते, राहू द्या. वरून खोबरेल तेल लावा. तेलाने लेटेक्स फाटतं हे खरं, पण आजीने सांगितलंय, खोबरेल सगळ्याला चालतं.

फाटलंच तर मैत्रिणीच्या ताईच्या ओळखीच्या बाईकडून गोळ्या मागवा. गर्भ राहू नये म्हणून ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मेडिकलमध्ये मिळते, पण ती जितकी लवकर घ्याल तितकी बरी, म्हणून आधी तीन दिवस रडून घ्यावं. डॉक्टरकडे तर जाऊच नये. ते कायदा सांगतात. अठरा पूर्ण असतील तर गर्भपाताला फक्त मुलीची संमती लागते, बापाची सही लागत नाही. लग्न झालं नाही एवढ्यावरून २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीतून वगळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. असलं ऐकून पोरी धीट होतात.

पोरांनो, तुमचंही सांगतो. नको तिथे फोड आला, पण दुखत नाही? उत्तम. थांबा. आमचे जुने लोक सिफिलिसला गरमी म्हणत, आणि नागपुरात गरमीचं काय नवल! काही आठवड्यांत फोड आपोआप जातो. रोग जात नाही, तो आत राहतो आणि काही वर्षांनी मेंदूपर्यंत, हृदयापर्यंत पोचू शकतो. तोवर तुमची डिग्री झालेली असते. वेळेवर गेलं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो, पण त्यात थरार नाही. त्यापेक्षा रेल्वेलाइनच्या भिंतीवर ज्यांचा नंबर रंगवलाय त्या 'खानदानी' वैद्याच्या तंबूत जा. पैसे जातील, इभ्रत राहील.

एचआयव्हीची भीती वाटली तर दुसऱ्याच दिवशी तपासणी करा आणि निगेटिव्ह आली की पार्टी द्या. संसर्ग तपासणीत दिसायला काही आठवडे जातात, हे पार्टीत कोणी काढू नये. ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं तर संसर्ग टळू शकतो, हेही नको. ही माहिती मेडिकल कॉलेज आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत मिळते, तपासणीही फुकट होते. तिथे जायला आपण काय आजारी आहोत?

१०९७ या एचआयव्ही-एड्सच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन तर मुळीच करू नका. नाव सांगावं लागत नाही म्हणे. सांगा राजेहो, हे काय बोलणं झालं? ना गाव विचारलं, ना आडनाव, ना "कोणाचा पोट्टा तू?"