समोरच्याचा डेक जरूर पिसा, नजर मात्र पानांवर नको

मॅजिक: द गॅदरिंगसारख्या पत्त्यांच्या खेळात प्रत्येक जण स्वतःचा डेक, म्हणजे पानांची गड्डी, घेऊन येतो. स्पर्धेत समोरचा खेळाडू तो डेक पिसतो आणि आपल्या पुढ्यात ठेवतो. मग बहुतेक जण वरच्या पानावर दोन बोटांनी टकटक करतात, 'चालेल' म्हणतात आणि डेक परत सरकवतात. हेतू चांगलाच असतो. तुझ्यावर माझा विश्वास आहे, एवढं सांगायचं असतं. तरीही ही सवय मला पटत नाही. आज त्याबद्दल सविस्तर लिहितो आहे, कारण अधूनमधून कुणीतरी दुखावलेल्या आवाजात विचारतंच, "माझा डेक पिसलास, म्हणजे मी फसवतोय असं वाटलं का तुला?"

नाही, अजिबात नाही. डेक खरोखर नीट पिसलेला असेल, तर पानांकडे न बघता मी तो आणखी कितीही पिसला तरी तुझं काहीच बिघडत नाही. क्रम आधी कुणाला ठाऊक नव्हता, नंतरही नसतो. डेक अर्धवट पिसला गेला असेल, तर माझ्या पिसण्याने तो सुधारतो. म्हणजे प्रामाणिक खेळाडूचा यात तोटा होण्याची शक्यताच नाही. "वर चांगलं पान होतं, तू ते खाली घालवलंस" ही तक्रार मी कितीतरी वेळा ऐकली आहे. तेच पिसणं एखादं वाईट पान खाली घालवून चांगलं वर आणू शकतं, आणि दोन्हीची शक्यता अगदी सारखी असते. आपल्याला फक्त गेलेलं पान आठवतं, आलेलं आठवत नाही.

मॅजिक: द गॅदरिंग १९९३ मध्ये बाजारात आला, तेव्हापासून त्याच्या स्पर्धांचे नियम बरेच वाढत आणि बदलत गेले. आज त्यात पिसण्याची अपेक्षा स्वच्छ शब्दांत आहे: डेकच्या कोणत्याही भागात कोणतं पान कुठे आहे, याची माहिती कुणाही खेळाडूला असता कामा नये. वरच्या पातळीच्या स्पर्धांत डावाच्या सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याचा डेक पिसणं हा नुसता हक्क राहत नाही, ते बंधनकारक होतं. आणि प्रतिस्पर्ध्याने पिसल्यावर मालकाने शेवटचा एक कट करायची, म्हणजे गड्डीचे दोन भाग करून खालचा वर ठेवायची, रीत आहे. मला हा शेवटचा कट फार आवडतो. ज्याची पानं आहेत त्याच्या हातात शेवटचा शब्द राहतो, आणि तो शब्द इतका लहान असतो की त्याने काही घडवून आणणं कठीण. कॅसिनोत पिसणारा एक आणि कट करणारा दुसरा असतो, तेही याच कारणासाठी. एकाच माणसाच्या हातात सगळं सोपवायचं नाही, मग तो कितीही सज्जन असो.

आता 'नीट पिसणं' म्हणजे किती? पर्सी डायकोनिस हे एकेकाळी जादूचे प्रयोग करणारे गणितज्ञ. त्यांनी डेव्ह बायर यांच्याबरोबर १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून ५२ पानांच्या कॅटसाठी सातचा आकडा प्रसिद्ध झाला. कॅटचे दोन भाग करायचे, दोन्हींची पानं फरफर सोडत एकमेकांत मिसळायची, असं सात वेळा. त्याहून कमी वेळा केलं तर जुन्या क्रमाच्या खुणा शिल्लक राहतात. ६० किंवा १०० पानांच्या डेकला आणखी एखाद-दोन वेळा लागतं. आपल्यापैकी अनेक जण हातात गड्डी धरून वरचे चार-चार पत्ते पुढे टाकतात, त्या पद्धतीने तोच परिणाम साधायला हजारो वेळा पिसावं लागेल. हे कळल्यावर समोरच्याने आपला डेक आणखी चार वेळा मिसळला तर राग यायचं कारण उरत नाही. तो आपलंच अपुरं काम पुरं करत असतो.

ढीग पाडणं हा मात्र माझ्या लेखी पिसण्याचा प्रकारच नाही. टेबलावर एकेक पान पाच-सहा ढिगांत टाकत जायचं, मग ढीग एकावर एक ठेवायचे. बघायला फार मेहनतीचं वाटतं, पण त्यात नशिबाचा अंशही नाही. आधीचा क्रम माहीत असेल तर नंतरचा क्रम कागदावर लिहून काढता येतो. पानं मोजायला हे ठीक आहे, आणि मॅजिकच्या नियमांत मोजण्यापुरतीच, डावाच्या सुरुवातीला एकदा, त्याला परवानगी आहे.

याच ढिगांवरून एक गंभीर प्रकार घडतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. मॅजिकच्या ६० पानांच्या डेकमध्ये साधारण २४ लँड असतात, म्हणजे बाकीची पानं खेळण्यासाठी लागणारी ताकद पुरवणारी पानं. डाव संपला की लँड एका जागी गोळा झालेली असतात. मग काही जण पुढच्या डावाआधी ती नीट पेरतात: एक लँड, एक इतर, एक लँड, दोन इतर, आणि पुन्हा तेच. त्यानंतर दोन-तीनदा वरवर पिसून डेक पुढे करतात. विचारलं तर उत्तर तयार असतं: "पुढे पिसलंच की." इथे मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारतो. पुढे पुरेसं पिसलं असेल, तर पेरणीचा काडीचा उपयोग झाला नाही, मग ती केली कशाला? आणि उपयोग झाला असेल, तर पुरेसं पिसलंच नाही, आणि ती फसवणूक आहे. तिसरा पर्याय नाही. बहुतेक जण हे वाईट हेतूने करत नाहीत, त्यांना कुणीतरी तसं शिकवलेलं असतं. म्हणूनच हे त्यांना शांतपणे, खेळ सुरू होण्याआधी सांगायला हवं.

आता याची दुसरी बाजू. समोरच्याने पानं पेरली आहेत हे ओळखणारा एखादा चतुर खेळाडू काय करतो? तो डेक हातात घेतो आणि शांतपणे पाच ढीग पाडतो. वरची पेरणी जशीच्या तशी टिकली असेल, तर २४ लँड बरोबर दोन ढिगांत जमतात आणि उरलेल्या तीन ढिगांत एकही लँड नसते. ढीग पुन्हा एकावर एक ठेवले की डेकमध्ये लागोपाठ बारा लँडचा गठ्ठा तयार, आणि पेरणाऱ्याचा डाव बसला. बघणारे हसतात, टाळ्या देतात, "चांगली अद्दल घडवली" म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. पेरणाऱ्याने क्रम लावला, याने दुसरा क्रम लावला. दोघांनीही जाणूनबुजून पानं जागेवर बसवली. संशय आला तर पंचाला हाक मारायची, डेक त्याच्या समोर ठेवायचा आणि आपण हात मागे घ्यायचा. पंच नसेल, तर तोच डेक आपण मनापासून सात-आठ वेळा मिसळायचा. पेरणी मोडायला तेवढं पुरतं, आणि सूड उगवायची गरज राहत नाही.

लोकांना पानं पेराविशी वाटतात, कारण खरा यादृच्छिक क्रम नीटनेटका दिसत नाही. त्याच २४ लँडच्या डेकमधून सात पानांचा पहिला हात उचला. साधारण सात हातांतून एकदा त्यात एकही लँड नसते किंवा एकच असते. हा पिसण्यातला दोष नाही, हे नुसतं गणित आहे. ब्रिजच्या स्पर्धांत हाताने वाटण्याऐवजी संगणकाने पानं वाटायला सुरुवात झाली, तेव्हाही खेळाडूंची ओरड झाली होती की हे हात फार विचित्र येतात, एकाच रंगाची सहा-सात पानं काय आणि एखाद्या रंगाचं एकही पान नाही काय. संगणक बरोबर होता. आधीच्या डावातले दस्त गोळा करताना एकाच रंगाची चार-चार पानं एकत्र येत, पिसणं अपुरं पडे, आणि मग ती चार खेळाडूंत सारखी वाटली जात. वर्षानुवर्षं त्या सपाट हातांची सवय झाली होती आणि तीच लोकांना न्याय्य वाटत होती.

हक्काबद्दल इतकं बोललो, तर पिसणाऱ्याच्या जबाबदारीबद्दलही तितक्याच ठामपणे बोलायला हवं. सर्वांत महत्त्वाची जबाबदारी नजरेची. समोरच्याचा डेक टेबलाच्या जवळ, आडवा धरून पिसा आणि पानांचे चेहरे स्वतःकडे वळू देऊ नका. पिसताना डोळे समोरच्या माणसाकडे किंवा बाजूला ठेवा. २०१४ मध्ये मॅजिकच्या स्पर्धांमध्ये प्रतिस्पर्ध्याचा डेक पिसताना पानं बघून ती हव्या त्या जागी सरकवल्याची प्रकरणं चित्रणांतून उघडकीला आली आणि खेळाडूंवर बंदी आली. म्हणजे समोरच्याला संरक्षण देण्यासाठी असलेला नियमच हत्यार म्हणून वापरला गेला. त्यामुळे कुणी माझ्या हातांकडे बारकाईने बघत असेल, तर मला वाईट वाटत नाही. बघावंच. चुकून एखादं पान दिसलं, तर तिथेच तसं सांगायचं आणि डेक पुन्हा पहिल्यापासून पिसायचा.

दुसरी जबाबदारी पानांची. ती तुमची नाहीत. काही पानं जुनी असतात, महाग असतात, काही कुणी भेट दिलेली असतात. ती वाकवून फरफर सोडायची असतील तर आधी विचारा. "असं पिसलं तर चालेल ना?" एवढंच. मी स्वतः स्लीव्ह (पानांवर चढवायची प्लास्टिकची पाकिटं) घातलेले डेक कधीच वाकवत नाही. दोन भाग करून लांब कडेने हलकेच एकमेकांत सरकवतो. स्लीव्हचे कोपरे दुमडत नाहीत आणि मिसळणंही छान होतं. हात कोरडे आणि स्वच्छ असावेत, हे सांगावं लागू नये. एखादं पान हातातून सुटून उलटं पडलं, तर गुपचूप आत खुपसू नका.

वेळेबद्दल थोडक्यात: सामन्यात आपण पुढे असताना समोरच्याचा डेक मिनिटभर घोळवत बसणं ही घड्याळाची चोरी आहे, आणि पंचांनी ती तशीच मोजावी.

घरगुती खेळाचं काय, असं विचारणारे खूप आहेत. मॅजिकचाच कमांडर नावाचा १०० पानांच्या डेकचा प्रकार, चार मित्र, दर दोन मिनिटांनी कुणीतरी डेकमध्ये काहीतरी शोधतंय. तिथे प्रत्येक वेळी पूर्ण पिसण्याचा आग्रह मी धरत नाही, नाहीतर रात्र पिसण्यातच जाईल. पण डाव सुरू होण्याआधी मी शेजारच्याचा डेक पिसतोच, आणि माझा त्याच्यापुढे ठेवतो. मधल्या शोधानंतर एक कट पुरतो. टेबलावर कुणी नवखा असेल तर पहिल्यांदा त्याच्या डेकला हात लावण्याआधी सांगतो, "हे आम्ही सगळ्यांचंच करतो, तूही माझा पिस." मग माझा डेक आधी त्याच्या हातात देतो. त्याला नीट पिसता येत नसेल, पानं हातातून निसटत असतील, तरी घाई करत नाही, आणि शेवटचा कटही विसरू देत नाही: त्याच्या डेकवर त्याचा, माझ्या डेकवर माझा.