जावयाची बोटं आणि ट्राउटचे कल्ले

मासे पकडायला गेलो होतो असं सांगितलं की आमच्या रत्नागिरीकडचा माणूस पहिलं विचारतो, काय मिळालं? आणि दुसरं, केलं कसं, कालवण की तळून? कोलोरॅडोत या दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही. डेन्व्हरपासून दीडेक तासावर साउथ प्लॅट नावाची नदी आहे, चीझमन कॅन्यनमधून येते, तिथला नियम असा की खरं आमिष लावायचं नाही, फक्त बनावट, म्हणजे गळावर बांधलेली खोटी माशी वगैरे, आणि मासा लागलाच तर त्याला लगेच परत पाण्यात सोडून द्यायचा. हे उन्हाळ्यात केलं तर एक वेळ मी समजू शकतो, हवापालट म्हणून. बायकोचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे दादा, हे जानेवारीत करतात, आणि सोबतीला त्यांना जावई लागतो.

नदी गोठली नसेल कशावरून, असं मी गाडीतच विचारलं, फार आशेने. तर म्हणे वर धरण आहे, 1905 सालचं, पाणी खालून सोडतात. पाणी 4 अंशाला सगळ्यात जड, ते तळाला जाऊन बसतं, त्यामुळे वर बर्फ धरला तरी खालून येतं ते 4 अंशाच्या आसपासचंच, म्हणून धरणाखाली नदी वाहतीच राहते. बाहेर उणे 9 होतं. म्हणजे मासा माझ्यापेक्षा 13 अंश उबेत होता, आणि हे गणित मला दिवसभर पुरलं.

अजून एक, थंडीत ट्राउट, म्हणजे या नदीतले गोड्या पाण्यातले मासे, तसे अकराच्या पुढेच जरा हलायला लागतात, ऊन आल्यावर. पण पार्किंग मिळत नाही म्हणून दादा पाचला उठवतात. अंधारात थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर छातीपर्यंत येणारे वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची, पाणी आत न येणारी विजार, त्याचे पट्टे खांद्यावरून, त्यावर जॅकेट. या अवतारात चहा पिऊ नये. का ते विचारू नका.

गिल ट्रेलने बर्फातून चालत खाली उतरलो. पाणी एवढं नितळ की तळातला दगड न दगड दिसतो, मासे पण दिसतात, म्हणजे त्यांनाही आपण दिसतो. इथल्या ट्राउटना लोक पीएचडी झालेले मासे म्हणतात, कारण वर्षानुवर्षं पकडून सोडलेले, बनावट माशी कुठली ते लांबून ओळखतात. त्यात भर हिवाळ्यात खायला असतं काय, तर मिज, चिलटाच्या जातीचा किडा. त्याची नक्कल बांधतात 22 नंबरच्या गळावर, आणि नंबर जितका मोठा तितका गळ लहान, तेव्हा हा जवळपास मोहरीएवढा. त्या मोहरीला भोक असतं. त्या भोकातून दोरा घालायचा, दोऱ्याची जाडी 0.13 मिलिमीटर, आणि हे हातमोजे घालून होत नाही.

मी मोजे काढले. पहिला मिनिटभर ठीक होतं. मग दोरा भोकाच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून गेला, मग चष्म्यावर वाफ धरली, मग माशी हातात आहे की पडली हेच कळेना कारण बोटं काही सांगायलाच तयार नव्हती. शेवटी गेला एकदाचा. आता पाच वेढे द्यायचे, टोक परत घालायचं, आणि आवळायच्या आधी थुंकी लावायची, कारण कोरडी गाठ ओढली तर घर्षणाने दोरा तापून कमजोर होतो. उणे 9 मध्ये काहीतरी तापतंय हे ऐकूनच बरं वाटलं.

मग कळलं की रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ झालाय. दोऱ्यावरून आलेलं पाणी तिथेच गोठतं, दोरा सरकत नाही, ओढलात तर तुटणार. उपाय काय, तर रॉड नदीत बुडवायचा, कारण पाणी हवेपेक्षा गरम!! माझी स्वतःलाच तसं बुडवून घ्यायची तयारी होती.

"जावईबापू, मेंडिंग करा, मेंडिंग!" दादा पलीकडून ओरडत होते. म्हणजे प्रवाहाने दोरा ओढला की माशी पण ओढली जाते, मग मासा ओळखतो, म्हणून दोरा उचलून सारखा वरच्या अंगाला टाकत राहायचं. थंडीत मासा वीतभर सुद्धा हलत नाही, अंगातली ताकद जपून ठेवतो, त्यामुळे घास थेट त्याच्या तोंडासमोरून न्यायचा. इतकं करून मी आमच्या मुलाला पण कधी भरवलं नाही.

दुपारी दोऱ्यावरचा रंगीत फ्लोट, मासा लागला की कळावं म्हणून तरंगत ठेवतात तो, किंचित थबकला. "उचला, उचला!" उचलला. ब्राउन ट्राउट होता, पिवळसर, अंगावर लाल ठिपके, दोघांचं कालवण आरामात झालं असतं. हा मूळचा इथला नाही बरं का, याच्या पूर्वजांची अंडी 1883 ला जर्मनीहून अमेरिकेत आली. तोही बाहेरचा, मीही बाहेरचा, पण त्याचं बस्तान बघा आणि माझे हाल बघा.

"मोजे काढा आधी!" दादा धावत आले. का, तर कोरड्या मोज्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून उघडा हात, तोही ओला करून. आणि वर उचलायचं नाही, या हवेत त्याचे कल्ले गोठतात. माशाच्या कल्ल्यांची एवढी काळजी, जावयाच्या बोटांची चौकशी नाही. फोटो काढायला माझ्या बोटाने फोन उघडेना, तोवर मासा गेला पण. दादा समाधानाने म्हणाले, "सोडून देण्यातच खरी मजा आहे."

घरी पोचलो तर बायकोने सुरमई सकाळीच फ्रीजरमधून काढून ठेवलेली होती, भावाचा तिला चांगलाच अनुभव. दादांनी तीन तुकड्या खाल्ल्या, चौथीकडे बघत होते.