हत्ती दाराबाहेर उभा आहे

‘स्थानिक संग्रहालय दाखवले की मुलांना आपला परिसर कळतो’ हे संग्रहालयांवरच्या एका लेखातील विधान मला अर्धवट वाटते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मी शाळेची मुले घेऊन जाते. सहलीच्या वेळापत्रकात त्याला जेमतेम तासभर मिळतो आणि उरलेला दिवस शेजारच्या राणीच्या बागेतल्या (प्राणिसंग्रहालयातल्या) पेंग्विनसाठी राखलेला असतो. वास्तविक परिसराचा धडा तिथे दाराबाहेरच सुरू होतो. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले ते याच्याचमुळे. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला आणि १९१४ मध्ये राणीच्या बागेत त्याचे तुकडे पुन्हा जोडले गेले. ‘हा फुटला कसा?’ एवढेच विचारले, तरी मुले बेट, बंदर आणि साहेबाच्या मालकीपर्यंत आपण होऊन पोहोचतात.

लेखातून राहून गेलेली गोष्ट म्हणजे पालक. आतल्या काचेच्या कपाटांत मातीच्या लहान प्रतिकृतींमधले कारागीर आपापल्या कामात गढलेले आहेत. त्यांच्यासमोर, ज्याचे वडील लालबागच्या गणपती कार्यशाळेत आहेत असा एक मुलगा शाडू कसा मळतात आणि वाळताना तो का तडकतो हे सांगू लागला, तेव्हा प्रश्नावलीचे कागद मी सरळ पिशवीत टाकले. अशा वडिलांना (हंगाम सोडून, अर्थातच!) संग्रहालयांनी शिकवायला बोलवावे. मानधनाची तरतूद मात्र आधी करावी. शाल-श्रीफळाने त्यांचा बुडालेला रोज भरून निघत नाही.